न तोडलेल्या लोंब्या

नवा अभ्यासक्रम मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, बाईंना बदल नको असतो, वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवलंय, आता जिवावर येतंय. तसं नव्हतं. विज्ञानाचं नवं पुस्तक हातात आलं तेव्हा शाळेतून घरी येताना एसटीतच मी ते अर्धं वाचून काढलं. व्याख्या कमी, कृती जास्त. पाहा, मोजा, नोंदवा, विचारा. प्रत्येक धड्याच्या शेवटी आपल्या परिसरातलं काहीतरी शोधायला सांगितलेलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी सुचलं. कंडक्टरने तिकीट विचारलं तर मी त्याला पास दाखवायच्या ऐवजी पुस्तकच पुढे केलं.

मी मूळची घोलवडची. लहानपण चिकूच्या वाडीत खोके भरण्यात गेलं. लग्नानंतर डहाणूला आले आणि गेली अठरा वर्षं तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका गावातल्या हायस्कूलला विज्ञान शिकवते. तलासरीपर्यंत एसटी, पुढे शेअरिंगची जीप. आमच्याकडे येणारी मुलं पाड्यांवरची. घरात त्यांची भाषा वेगळी, शाळेत आणि बाजारात मराठी, बाप उंबरगावला कारखान्यात जात असेल तर गुजराती, हायवेवरच्या हॉटेलात कामाला लागलं की हिंदी. चार भाषा बोलणाऱ्या या मुलांना शहरातून आलेला प्रत्येक साहेब पहिला प्रश्न विचारतो, "मराठी कळतं का रे तुम्हाला?" असो. मला एका मुलीबद्दल सांगायचंय. तिने एक काम केलं होतं. ते काम तिने केलं तसं, तिच्या नावावर तालुक्याला जावं आणि तिथे कुणीतरी ते नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं. त्याची आम्ही मोठ्यांनी कशी वाट लावली ते लिहायला बसले आहे. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

पुस्तक आलं तसं प्रशिक्षणही आलं. डहाणूला तीन दिवस. पंखे फिरणाऱ्या हॉलमध्ये आम्हा विज्ञानाच्या शिक्षकांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला कार्डशीट, स्केचपेनं आणि डिंकाची बाटली दिली. चाळिशी-पन्नाशीचे लोक आम्ही, कागदावर ढग काढून त्यात "अध्ययन निष्पत्ती" लिहीत बसलो होतो. सुलभक म्हणून जे आले होते ते शहरातले, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की मुलांना प्रश्न विचारू द्या, उत्तर चुकलं तरी चालेल, प्रक्रिया महत्त्वाची. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र स्थानिक ज्ञानावर होतं. पडद्यावर जी चित्रं दाखवली त्यांच्या चारी कडांना त्रिकोणी अंगाची माणसं नाचत होती. आदिवासी समाजाकडे निसर्गाचं अफाट ज्ञान आहे आणि ते आपल्याला वर्गात आणायचं आहे, असं तासभर सांगण्यात आलं. हॉलमध्ये मागच्या रांगेत आमच्याच तालुक्यातले एक सर बसले होते, वारली घरातले, स्वतः भात लावणारे. त्यांना त्या तासाभरात कुणी एक अक्षर विचारलं नाही. चहानंतर मात्र सुलभक म्हणाले, "सर, तुमच्याकडचं एखादं गाणं होऊन जाऊ द्या." सर उठले, म्हणाले, "घसा बसलाय," आणि पुन्हा खाली बसले. त्यांचा घसा ठणठणीत होता, सकाळपासून माझ्याशी बोलत होते.

शेवटच्या दिवशी प्रकल्पपत्रक वाटलं. एका मोठ्या कागदावर चौकटी. उद्देश, साहित्य, कृती. मग एक मोठी रिकामी चौकट, तिच्यावर लिहिलेलं "नमुना येथे चिकटवा." मग निष्कर्ष. मग "स्थानिक ज्ञान (असल्यास)." आणि शेवटी, भरलेल्या पत्रकाचा फोटो ॲपवर चढवायची तारीख. त्या पत्रकांतून निवडलेले प्रकल्प तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होते. मुलांनी काय प्रश्न विचारला ते लिहायला त्या कागदावर चौकट नव्हती. मी हात वर करून तसं म्हटलं तर सुलभक हसून म्हणाले, "चांगली सूचना आहे मॅडम, पुढच्या आवृत्तीत बघू."

नववीला पहिला प्रकल्प भाताच्या लोंबीचा होता. परिसरातल्या पिकाच्या पाच लोंब्या तोडून आणा, दाणे मोजा, भरलेले आणि पोचट वेगळे करा, एक लोंबी पत्रकावर चिकटवा. सोपं आणि छान, भाताच्या मुलुखात तर फारच छान. मी शुक्रवारी सांगितलं, सोमवारी लोंब्या घेऊन या.

सोमवारी वर्गात निम्म्याहून जास्त मुलं रिकाम्या हाताने आली. का, तर विसरलो. एकामागून एक, सगळी विसरलेली. मी चिडले. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीपाशी आले तेव्हा तीही उभी राहिली. ही मुलगी कमी बोलायची, पण बोलली की अडचणीत आणायची. झाडं उन्हात अन्न तयार करतात हे मी शिकवत होते तेव्हा तिने विचारलं होतं, "मग आमच्या शेतात सादड्याच्या झाडाखालचा भात पोचट होतो तो त्याच्यामुळे का?" मी म्हटलं, हो, सावलीमुळे. त्यावर तिने विचारलं, "पण किती पोचट होतो?" मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. त्या दिवशी मी एवढंच म्हणून पुढचा परिच्छेद घेतला होता.

तर ती उभी राहिली. मी म्हटलं, "तूही विसरलीस?"

"नाय मॅडम. विसरली नाय. आणली नाय."

"का?"

"अजून कणसरीला दाखवला नाय. दाखवल्याबिगर नवा भात तोडत नाय आमच्या घरात."

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. तिला नवं धान्य दाखवायचा दिवस असतो, तो झाल्यावर मग भात तोडायचा, मग खायचा. प्रत्येक पाड्यावर, प्रत्येक घरात हे इतकंच काटेकोर असतं असं नाही, काही मुलं लोंब्या घेऊन आलीच होती. पण तिच्या घरात असायचं. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. त्या दिवशी वर्ग ओस पडायचा आणि अठरा वर्षं मी हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी मांडत आले होते. ती विसरलेली सगळी मुलं काय विसरली होती तेही मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं बोलणारी ती एकटी निघाली, म्हणून सगळा राग तिच्यावर निघाला.

मी सगळ्या वर्गासमोर तिला वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण दिलं. नव्या पुस्तकात त्यावर एक अख्खं पान आहे, ते पाठ होतंच. शेवटी म्हणाले, "देव काही तुमच्या शेतातल्या लोंब्या मोजत बसत नाही."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "मग मी मोजू का मॅडम? न तोडता मोजलं तर नाय चालणार?"

वर्गात कुणी हसलं नाही. न चालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. दाणे मोजायचे आहेत, ते उभ्या पिकावरही मोजता येतात. प्रशिक्षणाला मी गेले होते, पदवी माझ्याकडे होती, आणि हे सुचलं तिला. मी म्हटलं, "चालेल. बस खाली." माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

नंतर पंधरा-वीस दिवस ती दर दोन-तीन दिवसांनी वही घेऊन माझ्याकडे यायची. साधी शंभर पानी वही, मागून सुरू केलेली, कारण पुढून इतिहास होता. तिने वीस लोंब्या निवडल्या होत्या. दहा सादड्याच्या सावलीतल्या, दहा उघड्यावरच्या. वेणीच्या जुन्या रिबिनीच्या चिंध्या करून त्या प्रत्येक लोंबीच्या देठाला सैल बांधल्या होत्या, सावलीला लाल, उन्हाला पांढऱ्या. दाणा चिमटीत हलकेच धरून भरलाय की पोचट आहे ते बघायचं आणि लिहायचं. त्याच लोंबीचा तोच दाणा पुन्हा तीन दिवसांनी बघायचा. कुठे दूध भरलंय, कुठे घट्ट झालंय, कुठे रिकामंच राहिलंय. तोडलेल्या लोंबीवर हे कुणाला जमलं असतं? एकदा तोडली की एकदाच मोजता येते. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही आलं नव्हतं. तिच्या घरच्या रिवाजाने तिला तोडायची मनाई केली आणि त्या मनाईतून पुस्तकातल्यापेक्षा चांगला प्रयोग निघाला. हे मी आज सांगते तेवढं सोपं तेव्हा मला दिसलं नव्हतं, पण वही बघून मी हरखले होते एवढं नक्की.

सतराव्या लोंबीपुढे एके दिवशी तिने लिहिलं होतं, "ही लोंबी उंदराने तोडली. मी नाही." मी ते वाचून स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर शेतावर गेले. शाळेपासून चांगली पाऊण तासाची चाल. तिचा बाप बांधावर गवत कापत होता. मला बघून उठला, म्हणाला, "बाय, या. पोरगी रोज जाते भातात. मी सांगला तिला, हात लाव, मोज, काय पण कर, पन तोडू नको. देवाला दाखवला का मग किती पन ने शाळेत."

मी म्हटलं, "तोडणार नाही ती."

"मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा जास्त घाबरते."

"घाबरत नाय," ती भाताच्या मधूनच ओरडली, "मोजते!" बाप हसला. पोटरीपर्यंत चिखलात उभी राहून ती मला एकेक चिंधी दाखवत होती, ही सहावी, ही अकरावी, हिच्यात खाली सगळं पोचट. सावलीतल्या लोंब्यांत पोचट दाणे किती तरी जास्त होते आणि ते किती जास्त, हे आता तिच्या वहीत आकड्यांत होतं. "पण किती" याचं उत्तर तिने स्वतः काढलं होतं. परत येताना तिने मला विचारलं, "तालुक्याला परीक्षक प्रश्न विचारतात का मॅडम? वही बघतात का?" मी म्हटलं, "विचारतात, आणि बघतात." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

तिने पत्रक भरलं, सुवाच्य अक्षरात. नमुन्याची चौकट रिकामी ठेवली आणि त्यात बारीक लिहिलं, "लोंबी शेतात आहे." स्थानिक ज्ञानाची चौकटही रिकामी. मी म्हटलं, अगं, इथे काहीतरी लिही, कणसरीबद्दल लिही. ती म्हणाली, "ते ज्ञान थोडंच आहे मॅडम? ते तर आमच्या घरातलं आहे." मी आग्रह केला नाही. शाळेमागच्या टेकाडावर रेंज मिळते, तिथे चढून मी फोटो ॲपवर टाकला.

दोन दिवसांनी पत्रक परत आलं. शेरा: नमुना जोडलेला नाही. मी खाली कारण लिहून पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. शेरा तोच, शिवाय: स्थानिक ज्ञान रिकामे. मुदत संपायला एक दिवस उरला होता आणि कणसरीचा दिवस अजून लांब होता. मी पत्रकं तपासणाऱ्या साहेबांना फोन लावला. त्यांना सगळं समजावून सांगितलं, उभं पीक, रिबिनी, तीन-तीन दिवसांनी मोजणं. ते शांतपणे ऐकत होते, मला वाटलं पटतंय. मग म्हणाले, "अहो मॅडम, कशाला एवढा त्रास घेता? कुठली तरी एक लोंबी आणा आणि चिकटवा ना. कोण बघतंय?"

मी चिडले. फोनवर बरंच बोलले. मुलांनी विचार करावा म्हणून अभ्यासक्रम बदललात ना, मग एका मुलीने विचार केला तर तो ठेवायला तुमच्या कागदावर जागा का नाही, वगैरे. ते म्हणाले, "मॅडम, सिस्टीम घेत नाही, मी काय करू?" आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, डहाणूहून निघताना रस्त्याकडेच्या एका शेतातून ओळखीच्या माणसाला विचारून मी एक लोंबी घेतली. टपोरी होती. शाळेत येऊन तिच्या पत्रकावर, "लोंबी शेतात आहे" या तिच्या अक्षरांवर, ती डिंकाने चिकटवली. स्थानिक ज्ञानाच्या चौकटीत प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलं एक वाक्य माझ्या हाताने लिहिलं, आदिवासी समाज निसर्गपूजक असून त्यांचे ज्ञान पारंपरिक आहे. टेकाडावर चढले, फोटो टाकला. लगेच हिरवी खूण आली.

तिला मी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं लिहिलं असतं, पण ते खोटं आहे. मी टाळलं. निवड झाल्याचं कळलं तेव्हा ती आनंदाने फुलून गेली आणि मी म्हटलं, शाबास. पत्रक माझ्या कपाटात होतं, ते मी प्रदर्शनाच्या दिवशीच बाहेर काढायचं ठरवलं. मनाला समजावलं की तिचं काम पोचलं हे महत्त्वाचं. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याला हद्द नाही.

प्रदर्शन तलासरीला एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. टेबलं मांडलेली, मागे थर्माकोल. धूर सोडणारा ज्वालामुखी होता, बटण दाबलं की दिवे लागणारं सौरमंडळ होतं, आणि आमचं एक पत्रक आणि एक शंभर पानी वही. मी पत्रक थर्माकोलला टाचण्यांनी लावलं आणि ती ते बघत उभी राहिली. लोंबीला बोट लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या टेबलाकडच्या सरांशी बोलायला गेले. हे मी केलं, हेही लिहायला हवं.

परीक्षक आले, दोघं. एकाने वाचलं, लोंबीकडे बघितलं, स्थानिक ज्ञानाची चौकट वाचली आणि फार खूश झाला. "वा! नमुना उत्तम. आणि हे बघा, पारंपरिक ज्ञानाची जोड दिलीय. अगदी नव्या धोरणाला धरून." मग तिला विचारलं, "बाळ, ही लोंबी कोणत्या तारखेला तोडलीस?"

"मी नाय तोडली," ती म्हणाली. "ही आमच्या शेतातली नाय. आमच्या भाताला कुसळ असतं, याला नाय. ती मॅडमनी लावली."

हळू बोलली होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले. एवढं तरी केलं मी. म्हणाले, "सर, तिचं खरं आहे. लोंबी मी चिकटवली आणि ती चौकटही मी भरली. चूक माझी आहे. तिचं काम या वहीत आहे, उभ्या पिकावर मोजलेलं, दोन मिनिटं बघा." मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. लाल आणि पांढरी असे दोन रकाने होते, तिने स्केचपेनने शीर्षकं रंगवली होती.

परीक्षकाने वही हातात घेतली नाही. हातातल्या गुणपत्रिकेवरून बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, वहीला गुण नाहीत. नमुना, मांडणी, निष्कर्ष, स्थानिक ज्ञान, सादरीकरण. यात वही कुठे बसवू?"

"मग सादरीकरणात बसवा. तिला प्रश्न विचारा."

"नमुनाच खोटा म्हटल्यावर प्रश्न काय विचारायचे?" दुसरा म्हणाला. आणि तिच्याकडे वळून, अगदी मायेने, "बाळ, खोटी माहिती कधी लावू नये. विज्ञानात प्रामाणिकपणा लागतो."

तिला! त्या हॉलमध्ये एकटी खरं बोललेली ती, आणि प्रामाणिकपणाचा धडा तिला मिळाला. मी तिथे आवाज चढवला. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं बघायला लागली. मी म्हटलं, तुम्ही खोट्या लोंबीला वा म्हणालात, खऱ्या वहीला हात लावत नाही, आणि प्रामाणिकपणा शिकवता कुणाला? परीक्षक म्हणाले, "मॅडम, शांत व्हा, सिनियर आहात तुम्ही." ज्वालामुखीच्या टेबलाकडे गेले ते. त्या ज्वालामुखीला पहिला क्रमांक मिळाला. त्या मुलावर माझा राग नाही, त्याने मेहनत केली होती. पण आमच्या पंचक्रोशीत ज्वालामुखी कुठे आहे हे त्याला कुणी विचारलं नाही.

जीपमध्ये परत येताना ती खिडकीशी बसली होती. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं. मी तुला विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "हो मॅडम." उतरताना वही मागून घेतली. पुढे इतिहासाचा गृहपाठ लिहायचा राहिला होता.

मी नंतर वर लेखी कळवलं, पानभर. सगळं लिहिलं, माझी चूकसुद्धा. उत्तर आलं नाही. पुढच्या प्रशिक्षणात "यशोगाथा" म्हणून आमच्या तालुक्याची काही पत्रकं पडद्यावर दाखवली आणि त्यात ती लोंबी होती, त्रिकोणी माणसांच्या चौकटीत. प्रदर्शनात त्या पत्रकावरचा नमुना खोटा ठरल्याचं सिस्टीमला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उभी राहून म्हटलं, ही लोंबी डहाणूच्या रस्त्यावरची आहे आणि मी चिकटवली आहे. सुलभक हसले, म्हणाले, "मॅडमचा विनोद चांगला आहे," आणि पुढचं चित्र आलं. मागच्या रांगेतले ते वारली सर मात्र हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्या मुलीबद्दल विचारत राहिले, चिंध्या कशा बांधल्या, किती दिवसांनी मोजलं. त्या प्रयोगाबद्दल एवढं विचारणारे तेच पहिले.

ती दहावीला गेली. प्रश्न विचारणं कमी झालं. मी म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, अभ्यासात असेल. इतर विषयांच्या शिक्षकांनी तर कौतुक केलं, मुलगी सुधारली, वर्गात त्रास देत नाही. गुण वाढले होते. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं आहे असं तिचा बाप बाजारात भेटला तेव्हा सांगत होता आणि मला बरं वाटलं. मी स्वतःला पुन्हा समजावलं की मुलं विसरतात.

बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला तिच्या वाट्याला बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढणं आलं. खिडकीबाहेरचं झाड समोरच्या कागदावर उलटं पडतं, ते स्पष्ट दिसेपर्यंत भिंग मागेपुढे करायचं आणि पट्टीने अंतर मोजायचं. मी दाराशी उभी होते. दुसऱ्या शाळेतून आलेले परीक्षक खुर्चीत बसले होते. ती नेहमीसारखी सावकाश काम करत होती. भिंग सरकवलं, थांबली, पट्टी धरली, वाकून बघितलं. पुन्हा सगळं काढून पहिल्यापासून केलं, तिसऱ्यांदाही केलं. मला आनंद झाला. तीन वेळा मोजणारी मुलगी, मी मनात म्हटलं, आहे अजून.

उत्तरपत्रिका गोळा करताना मी तिची बघितली. तक्त्यात तीन वाचनं होती. दहा, दहा, दहा.

बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. "तू मोजलंस तेव्हा किती आलं होतं?"

"साडेनऊ," ती म्हणाली. "एकदा नऊ पूर्णांक सात दशांश. मग परत साडेनऊ."

"मग दहा का लिहिलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याला साधी गोष्ट कळत नसली की आपण समजावतो तसं, अगदी समजुतीने म्हणाली, "भिंगाच्या डबीवर दहा लिहिलंय ना मॅडम. तेच लागतं."

आत परीक्षक गुण भरत होते. त्यांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि मान वर न करता मला म्हणाले, "मॅडम, मुलांकडून छान तयारी करून घेतलीय तुम्ही."